साहेब पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा

कोर्टात नोकरी केली असं सांगितलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. त्यांना खून हवा असतो. मी दिवाणीत होते म्हटलं की खुर्ची परत मागे जाते. दिवाणीत रक्त सांडत नाही. बोळ, भिंत, गच्ची, सामाईक नळ यांवरून माणसं आयुष्यभर भांडतात आणि तारखेला येताना डब्यात शेंगाचटणी-भाकरी घेऊन येतात. पण खरं सांगू? सगळ्या नोकरीत मला दरदरून घाम फुटला तो एका भाड्याच्या खोलीच्या दाव्यात. संपादकांनी "आजी, काहीतरी हलकंफुलकं द्या" असं सांगितलंय. बघते. ते प्रकरण आठवलं की या वयातही छातीत धस्स होतं, आणि डॉक्टरांनी धस्स व्हायला मनाई केलेली आहे.

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या कोर्टात लघुलेखिका, म्हणजे स्टेनो, म्हणून लागले. घर होटगीला, वडील रेल्वेत सांधेवाले. घरात कानडी, शेजारी मराठी, कोर्टात इंग्रजी. त्या वेळची ती हत्तुऱ्यांची मुलगी आज रस्त्यात समोरून आली तर मी ओळख दाखवणार नाही. कडक स्टार्चची साडी, दोन्ही खांद्यांवर पिना, वेणीत खोचलेली पेन्सिल, आणि चेहरा असा, जणू देशाची घटना हिनंच टाइप केली.

स्टेनोचं काम बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. साहेब बोलतात, ते खुणांच्या लिपीत झरझर उतरवून घ्यायचं आणि मग कार्बन घालून टाइप करायचं. एवढंच. पण यातली मेख अशी, की दाव्याचा निकाल पक्षकारांच्या आधी स्टेनोला कळलेला असतो, आणि तो तिच्या चेहऱ्यावर उमटता कामा नये. मंद्रूपकडचा एक पाटील एकदा टोपलीभर हुरडा घेऊन व्हरांड्यात माझ्यापुढं येऊन बसला. म्हणाला, "ताई, तुमी काय बोलू नगा. नुसतं हसा न्हाय तर रडा. आमी समजून घेतो." मी हसले नाही, रडले नाही, पण हुरडा परत करताना प्रामाणिकपणावर असं भाषण ठोकलं, की तो उठता उठता म्हणाला, "निकाल ह्याच्यापेक्षा आखूड असतोय की!"

हुरडा कोवळा होता हो. अजून हळहळ वाटते.

आमचे साहेब म्हणजे दिवाणी न्यायाधीश नीळकंठराव धारूरकर. उंच, किरकोळ, कानाच्या पाळीवर केस. कोर्टात ते जज्ज होते. बाकीच्या वेळात गाण्याच्या बंदिशी रचत. बंदिश म्हणजे रागात बांधलेली चीज: दोन-चार ओळींचे शब्द आणि त्यांची चाल. वकिलाचं म्हणणं लांबलं की साहेबांची बोटं टेबलाखाली मांडीवर मात्रा मोजू लागत. वकिलांना वाटे, साहेब मुद्दे मोजताहेत, म्हणून ते आणखी मुद्दे काढत. कधी निकाल सांगता सांगता मध्येच थांबून साहेब म्हणत, "हत्तुरेबाई, दोन मिनिटं," आणि खिडकीकडे तोंड करून काहीतरी गुणगुणत. मी पेन्सिल रोखून बसे. एकदा त्या भरात 'सा रे म प' असं शॉर्टहँडमध्ये उतरवलं आणि टाइपही केलं. जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात. साहेबांनी सही करण्याआधी वाचलं म्हणून बरं.

त्यांचा तिसरा अवतार मला अपघातानं सापडला. गावातल्या एका दैनिकात दर आठवड्याला मैफलींवर टीका छापून येई. लेखक म्हणून नाव असे, 'मागच्या रांगेतला'. फार कडक लिहिणारा माणूस. गवई मंडळी अंक उघडण्याआधी देवाचं नाव घेत. एकदा मी तो लेख वाचला आणि मला खिक्कन हसू आलं. लेख म्हणजे चक्क निकालपत्र होतं. मुद्दा पहिला: गायकाचा गळा तयार आहे काय? होय. मुद्दा दुसरा: तबल्याची साथ गाण्याला पोषक होती काय? नाही. खाली कारणमीमांसा, आणि शेवटी 'सबब'.

मी अंक घेऊन तडक चेंबरमध्ये गेले. "साहेब, हे तुम्ही लिहिता."

साहेबांनी कप बशीत ठेवला. "कशावरून?"

"गाण्यावरच्या लेखात 'सबब' दुसरं कोण लिहिणार साहेब?"

ते बराच वेळ हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "कुणाला सांगू नका. नाव कळलं की माझ्यापुढं कुणी गाणार नाही. सगळे जज्जापुढं गातील."

झालं! आधीच ताठ असलेली मान आणखी ताठ झाली. सगळ्या सोलापुरात हे फक्त मला ठाऊक! पासिंजरमधून होटगीला जाताना मी समोरच्या बाईकडेसुद्धा गुपित जपणाऱ्या नजरेनं बघत असे. ती बिचारी पदर सावरून घेई.

आता गौराक्का. दुधनीकडची बाई, नवरा गेलेला, मूल नाही. सोलापुरात पूर्व भागात, जिथं घरोघरी यंत्रमाग, तिथल्या एका बोळात तिनं खोली भाड्यानं घेतली होती आणि तिथं मुलींना गाणं शिकवायची. राहायची तिथंच, शिकवायची तिथंच. त्या खोलीवर तिचं पोट होतं. सगळे तिला अक्का म्हणत. वर्षातून एखाद्या वेळी कुणी तिला सभागृहात गायला बोलवत. तशा एका कार्यक्रमाला 'मागच्या रांगेतला' जाऊन बसला आणि आठवड्यानं लेख छापून आला. मी तो वाचला आणि, शरम वाटते सांगायला, मजेत वाचला. मुद्दा पहिला: आवाज श्रवणीय होता काय? नाही; नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा आवाज बाई समोरच्या श्रोत्यांवर सोडतात. मुद्दा दुसरा: गायिकेनं बंदिशीशी इमान राखलं काय? नाही, चीजेचे शब्द जुलाह्याला, म्हणजे विणकराला, म्हणतात 'धीरे धीरे बुन रे', म्हणजे हळूहळू विण, आणि बाई मागं बैल लागल्यासारख्या धावतात. सबब, अशा बाईंनी मुलींना शिकवू नये, हे संगीताच्या हिताचं होईल.

त्या 'सबब'नंतर बऱ्याच आईबापांनी मुली काढून घेतल्या. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साहेबांनाही नव्हतं. छापून आलेलं वाक्य कुणाच्या उंबऱ्यावर जाऊन आदळतं, ते लिहिणाऱ्याला कुठं दिसतं?

काही महिन्यांनी आमच्या कोर्टात दावा पुकारला गेला. वादी चन्नप्पाशेठ, घरमालक. प्रतिवादी गौराक्का. मागणी अशी, की भाडेकरू मोठमोठ्यानं गाऊन शेजाऱ्यांना उपद्रव देते, सबब खोली खाली करून मिळावी. भाडेकरूनं शेजाऱ्यांना त्रास दिला हे शाबीत झालं तर मालकाला जागा परत मागता येत असे. शेठजींना तिथं आणखी माग बसवायचे होते, हे बोळातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. पण कुत्र्याची साक्ष होत नाही.

व्हरांड्यात तिला सगळे गौराक्का म्हणताना मी ऐकलं होतं; पुकारा झाला तसं मी साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. ते गाणाऱ्या बाया चेहऱ्यानं ओळखत नसत. मैफलीत डोळे मिटून बसत. आणि दाव्यात तिचं कागदोपत्री नाव गौरवा होतं. तेव्हा त्यांना पत्ता नव्हता आणि मी मूर्खासारखी गप्प. मला वाटलं, साहेब किती तटस्थ!

शेठजींचे वकील कुंटे. बुटके, गोड बोलणारे, आणि गोड बोलू लागले की समोरच्यानं सावध व्हावं असे. शेठजींची जबानी चालू असताना त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचा अंक काढला.

"युअर ऑनर, प्रतिवादीचं गाणं म्हणजे उपद्रव आहे, हे माझं एकट्याचं मत नाही. गावातले नामांकित टीकाकार काय म्हणतात, ते निशाणी म्हणून दाखल करून घ्यावं."

कोर्टात पुरावा म्हणून दाखल होणाऱ्या कागदाला निशाणी म्हणतात. कुंटे वकील तो लेख मोठ्यानं वाचू लागले. ज्यानं लिहिला त्याच्याच तोंडापुढं. नदीपलीकडची हाक झाली. बैल झाला. माझ्या पेन्सिलचं टोक कधी मोडलं ते कळलंच नाही. मी मोडक्या पेन्सिलनं कागदावर नुसत्या खाचा पाडत होते. वर बघायची छाती होईना. साहेबांनी मात्र तेव्हा प्रथमच त्या बाईकडे नीट पाहिलं. ती साध्या इरकली लुगड्यात, कपाळावर विभूती लावून, हात बांधून उभी होती. वकील 'सबब'पाशी आले तशी तिनं मान वर केली आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, "व्हय, तेच. त्या कागदानंच माझ्या पोरी गेल्या."

साहेब पाणी प्यायले. मग म्हणाले, "हा लेख ज्यानं लिहिला तो येऊन सांगत नाही, तोवर पुराव्यात वाचता येणार नाही."

मला हायसं वाटलं. सुटले साहेब! पण कुंटे वकील गोड हसले. "मग लेखकालाच साक्षीला बोलवू, युअर ऑनर. संपादकांना समन्स काढावं. नाव त्यांना ठाऊक असणारच."

आणि त्यांनी तिथंच उभ्या उभ्या अर्ज खरडून पुढं सरकवला. त्या अर्जावर हुकूम कुणी करायचा? साहेबांनी. कुणाला बोलवायचा हुकूम? साहेबांना.

मधल्या सुट्टीत चेंबरचं दार लावलं आणि त्या स्टार्चच्या साडीतल्या मुलीनं साहेबांना कायदा शिकवला. "साहेब, अर्ज नामंजूर करा. गाणं चांगलं की वाईट याचा दाव्याशी संबंधच काय? कायद्यातही बसतंय. कुणाला कळणार आहे?"

साहेब म्हणाले, "मला कळलेलं आहे, हत्तुरेबाई."

"पण तुमची बदनामी—"

"तिची झाली ती?"

एवढंच बोलले. मग जेवणाचा डबा न उघडता तसेच कोर्टात गेले, खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "घ्या." मी घेतलं. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, त्याचा अर्थ असा: सदर लेखाचा लेखक शोधण्यासाठी समन्स काढण्याचं कारण नाही. सदर लेख या कोर्टाचे न्यायाधीश यांनी—

माझी पेन्सिल थांबली. नोकरीत पहिल्यांदाच.

"लिहा," साहेब म्हणाले. "न्यायाधीश यांनी स्वतः लिहिलेला आहे. सबब हा दावा चालवण्यास ते पात्र नाहीत. तो दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग व्हावा, यासाठी प्रकरण जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवण्यात यावं."

कुंटे वकिलांचं तोंड उघडं ते उघडंच. चन्नप्पाशेठनं शेजाऱ्याला कानडीत विचारलं, "म्हंजे आपण जिंकलो का हरलो?" पट्टेवाला शांतता राखा म्हणायचं विसरला. आणि गौराक्का! ती पुढं येऊन साहेबांच्या अगदी समोर उभी राहिली. तिला वाटलं असेल ओरडावं. ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या गाण्यावर तुमी निकाल दिला, साहेब. त्याच्यावर अपील कुटं करायचं असतंय?"

साहेबांनी खाली मान घालून फाइलीची दोरी बांधली.

दावा शेजारच्या कोर्टात जाधवसाहेबांकडे गेला. सरळ, कोरडा माणूस. भूप राग आणि गिरणीचा भोंगा यांतला फरक त्यांना कळत नसे आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. त्यांचा स्टेनो रजेवर होता, म्हणून मला उसनं दिलं. म्हणजे नशिबानं मला पळू दिलं नाही.

साक्षीच्या दिवशी व्हरांड्यात मुंगीला जागा नव्हती. ज्या ज्या गवयांना, वादकांना 'मागच्या रांगेतल्या'नं झोडपलं होतं, ते सगळे धुतलेले कपडे घालून हजर. पट्टेवाल्यानं पुकारा केला, तो नेहमीच्या खणखणीत आवाजात नाही, कसातरी, घाबरत: "नीळकंठ धारूरकर हाजिर है?" आणि आमचे साहेब साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले. मी त्यांच्याकडे नेहमी खालून वर बघत आले होते. आता त्यांचा चेहरा माझ्या समोर, जवळजवळ बरोबरीला. मी खाली मान घालून 'शपथेवर' असं लिहिलं.

कुंटे वकिलांना लॉटरी लागली होती. "हा लेख आपला?"

"माझा."

"प्रतिवादीचा आवाज फार मोठा आहे, हे खरं?"

"खरं आहे."

"कानाला सहन होत नाही, हे खरं?"

"त्या सभागृहात मला झालं नाही."

व्हरांड्यातून सुस्कारा आला. मला साहेबांचा राग आला. दोन शब्द इकडेतिकडे केले असते तर काय बिघडलं असतं? बाई रस्त्यावर येणार होती! पण ते शपथेवर होते, आणि त्यांना शपथ म्हणजे शपथच होती. गौराक्काचा वकील पोरगेला. जज्जाची उलटतपासणी कशी घ्यायची, म्हणून तो फाइलमध्येच डोकं घालून बसलेला. शेवटी गौराक्काच उठली.

"मी इचारू का, साहेब?"

जाधवसाहेब म्हणाले, "विचारा."

ती पिंजऱ्याकडे वळली. "तुमी मला कुटं ऐकलं?"

"सभागृहात."

"आन मी गाते कुटं, रोज? शिकविते कुटं?"

ती एक पाऊल पुढं सरकली.

"बघितलंय?"

"नाही."

"मग लिवलं कसं, शिकवू नये म्हणून?"

साहेबांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. मी खाली लिहिलं, 'साक्षीदार उत्तर देत नाही', आणि माझ्या डोळ्यांपुढं अक्षरं हलली.

जाधवसाहेबांनी चष्मा पुसला. "प्रश्न बरोबर आहे. कोर्ट जागा बघेल." दिवाणीत न्यायाधीशांना वादाची जागा प्रत्यक्ष पाहता येते, त्याला स्थळपाहणी म्हणतात. गौराक्का लगेच म्हणाली, "त्या साहेबांनाबी आना की."

आम्ही गेलो ते कामाच्या भर वेळेला. बोळात शिरलो आणि मी हबकले. मला वाटलं जमीन हलतेय. दोन्ही बाजूंच्या घरांतून माग चालू होते. खटक-खट, खटक-खट! चादरींचे, टॉवेलांचे, घराघरातून, भिंतींतून, पायांखालून. जाधवसाहेब मला काहीतरी सांगत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज नाही. मी कानाशी हात नेला. ते ओरडले, "लिहा, आवाज आहे!" मी ओरडले, "कुणाचा?" ते ओरडले, "सगळ्यांचा!"

आणि मग त्या सगळ्यातून गौराक्काचा आवाज आला. तिनं खोलीत तंबोरा लावून चार-पाच उरलेल्या मुलींना पुढ्यात बसवलं होतं. तबला नव्हता. ठेका मागाचा. तिचा आवाज त्या खडखडाटाच्या वर, स्वच्छ, कुठंही न फाटता उभा होता; आणि मुली मागाच्या ठोक्यावर मान हलवत तिच्या मागून म्हणत होत्या, "धीरे धीरे बुन रे..." इथं हळू आवाजात कुणी शिकवलं असतं तर मुलींना फक्त ओठ दिसले असते. आणि संथ लय धरली असती तर दुसऱ्याच मात्रेला माग अंगावरून निघून गेला असता.

शेजारच्या दारात नरसम्मा उभी होती, मागावर काम करणारी. घरात तेलुगू बोलणारी बाई. जाधवसाहेबांनी तिच्या कानाशी ओरडून विचारलं, या बाईच्या गाण्याचा त्रास होतो का? नरसम्मानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू साहेबांचं डोकं तपासायला हवं. "गाण्याचा त्रास? ह्याच्यात?" तिनं हातानं सगळा बोळ दाखवला. "ती गाती म्हणून दिवस सरतो, साहेब. बंद केलं की मागच नुसता ऐकू येतो."

मी आमच्या साहेबांकडे पाहिलं. ते सगळ्यांच्या मागे, उघड्या गटारीच्या काठाला उभे होते. सवयीनं त्यांची बोटं मांडीवर मात्रा धरू लागली होती. मग ती थांबली. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, उन्हानं भोवळ येतेय. मी जवळ गेले तर ते माझ्या कानाशी ओरडले, "ती मागाला सांगतेय!"

"काय?"

"हळू विण म्हणून! माणसाला नाही, मागाला! आणि तो ऐकत नाही!"

मला तेव्हा काही कळलं नाही. मला वाटलं, साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कोर्ट. साहेबांना पिंजऱ्यात येण्याचं कारण नव्हतं. त्यांनी स्वतः परवानगी मागितली. "मला एक गोष्ट सांगायची राहिली." कुंटे वकिलांनी हरकत घेतली. जाधवसाहेबांनी ती बाजूला ठेवली.

साहेब म्हणाले, "ती बंदिश माझी आहे."

सांगते ना, मी त्यांच्या हाताखाली इतके दिवस बसले, सगळ्या गुपितांची मालकीण म्हणून मिरवले, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

"विद्यार्थी असताना बांधली. एका गवई मित्राला दिली. तो पुढं गुलबर्ग्याकडे गेला, तिकडेच वारला. चीज कुणाकुणाच्या गळ्यातून फिरत यांच्यापर्यंत आली असेल. त्या दिवशी सभागृहात ती कानावर पडली तेव्हा मी हरखलो. आणि पुढच्याच क्षणी चिडलो. मी बांधली तशी ती राहिलीच नव्हती." त्यांनी घसा साफ केला. "मी तो लेख टीकाकार म्हणून लिहिला नाही. स्वतःच्याच दाव्यात वादीही मीच होतो आणि निकालही मीच दिला. प्रतिवादीला नोटीससुद्धा काढली नाही. काल त्या बोळात मला कळलं, की चीज तिथं जास्त खरी झाली आहे. कोर्टानं तो लेख पुरावा म्हणून विचारात घेऊ नये."

कुंटे वकील पहिल्यांदाच गोड न होता म्हणाले, "नो क्वेश्चन्स." गौराक्का जागेवरच खाली बसली. तिला वाटत आलं होतं, ही चीज रचणारा केव्हाच मरून गेला असेल. ती मुलींना त्याच्या नावानं कानाला हात लावायला शिकवत असे.

जाधवसाहेबांनी निकाल मलाच सांगितला. आखूड. ज्या बोळात कोर्टाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तिथं एका बाईच्या गाण्यानं शेजाऱ्यांना उपद्रव होतो, हे म्हणणं कोर्ट मानू शकत नाही. दावा खर्चासह फेटाळला. टाइप करताना मी पहिल्यांदा चेहऱ्यावर निकाल दिसू दिला. व्हरांड्यातून गौराक्कानं तो वाचला आणि पदर तोंडाला लावला.

खोली राहिली. पण खोलीत मुली कुठं होत्या?

त्या आठवड्यापासून दैनिकात 'मागच्या रांगेतला' दिसेना. वरून काही विचारणा झाली, साहेबांनी उत्तर दिलं, ते प्रकरण मिटलं. मला वाटलं, संपलं. एका रविवारी साहेब म्हणाले, "हत्तुरेबाई, माझ्याबरोबर याल? त्या भागात मला कुणी ओळखत नाही." आणि ते निघाले गौराक्काकडून गेलेल्या मुलींच्या घरोघरी. पायी. मला रस्त्यात मेल्याहून मेल्यासारखं झालं. जज्ज कुणाच्या दारात जातो का? पहिल्या घरी आजीनं जज्ज आलेत हे कळताच आत धाव घेऊन शिलाई मशीन चादरीखाली लपवलं. तिला वाटलं, जप्ती आली. दुसऱ्या घरी बाप मागावरून हात पुसत बाहेर आला. "वारंट हाय का साहेब?"

"नाही. मी तो पेपरातला लेख लिहिणारा. चुकीचं लिहिलं होतं. मुलीला परत गाण्याला पाठवा."

बापानं हात पुसायचं थांबवलं. "पेपरात छापलेलं खोटं असतंय व्हय?"

"असतं," साहेब म्हणाले. "मी लिहिलं तेव्हा होतं."

काहींनी दार लोटून घेतलं. काही मुली मागच्या दारानं आधीच आमच्याकडे निघाल्या. पाच-सहा जणी आमच्या मागून चालू लागल्या, आणि अशी वरात घेऊन आम्ही त्या बोळात पोचलो. रविवार असूनही माग चालू होते. गौराक्का दारात आली. मुलींना पाहिलं, एकेकीला आत ओढून घेतलं, एकीच्या पाठीत प्रेमानं धपाटाही घातला. मग साहेबांकडे बघून कानडीत म्हणाली, "ईग बंदी येनु? कुंद्रु." आमच्या घरी उशिरा आलेल्या पोराला म्हणतात तसं: आता आलास होय? बस.

साहेबांना कानडी येत नसे. त्यांनी माझ्या कानाशी वाकून विचारलं, "काय म्हणाल्या?"

आयुष्यभर जसंच्या तसं उतरवून घेण्याचा पगार खाल्ला मी. पण जज्जाला 'अरे बस' कसं सांगू? शेवटी जसंच्या तसंच सांगितलं. एकेरीत.

कोर्टात साहेब आत आले की सगळी खोली उभी राहायची. त्यांनी चपला दाराशी काढल्या, धोतराचा सोगा सावरला आणि मुलींच्या ओळीत, सगळ्यांत लहान मुलीशेजारी, सतरंजीवर मांडी घालून बसले. मी तशीच उभी राहिले. मला कुणी बस म्हटलं नव्हतं.